एकाच पेटीत दोन गल्ल्या

— नाही, तारांना हात लावू नकोस, आधी माझं ऐक. नवी पेटी बसवायला आलास ना, बसव, पण हा जुना स्विच, सगळ्या कॉम्प्युटरांच्या तारा जोडणारी ही पेटी, माझा साक्षीदार आहे. तू टाउन्सव्हिलहून आलेला परका माणूस, म्हणून तुझ्यापाशी बोलतो. या साखर कारखान्यात कुणाशी बोलायची सोय उरली नाही. मी बर्ट ट्रेलोर, युनियनचा चिटणीस, सव्वीस वर्षं झाली. ही निळी तार युनियनच्या खोलीत जाते, बाकीच्या सगळ्या मॅनेजरच्या कचेरीत. एकाच पेटीतून? मीही हेच विचारलं होतं नोएलला — नोएल पास्को, इथले कॉम्प्युटर बघतो, माझ्या मुलीचा धर्मपिता रे तो! म्हणाला, "बर्ट, कचेरीच्या मशीनांना नेटवर्कवर दहाचे नंबर, तुमच्यांना विसाचे. दोन वेगळ्या गल्ल्या. इकडचं तिकडे जात नाही." माझ्याच अंगणात बसून, माझेच खेकडे फोडता फोडता म्हणाला. मी पासवर्डसुद्धा घातला नाही. आपल्याच घरात कोण घालतं?

आता तूच सांग, स्विच ते नंबर वाचतो का? नाही ना? ढुंकूनही बघत नाही. कुठल्या भोकात कुठलं मशीन, एवढंच त्याला ठाऊक — दहा काय नि वीस काय! मध्ये भिंत घालायची सोय याच पेटीत होती, व्हीलॅन म्हणतात ना, अर्ध्या तासाचं काम — घातली नाही. कचेरीतल्या कुणीही मशीनला विसाचा नंबर दिला, की तो आमच्या खोलीत पाय पसरून बसलाच. आणि बसला. बॉयलरच्या झडपा अडकतात म्हणून अकरा जणांनी सुरक्षा खात्याकडे तक्रार केली, नावं गुप्त ठेवायच्या बोलीवर. यादी माझ्या मशीनवर. जूनमध्ये गळीत हंगाम सुरू झाला, दरवर्षीसारखे सगळ्यांना बोलावण्याचे फोन गेले — ते अकरा सोडून. आता मी पबमध्ये शिरलो की लोक ग्लास उचलून दुसऱ्या टेबलाला जातात. यादी बर्टनं विकली म्हणे. बर्टनं! म्हणून अहवालात लिही, भिंत नव्हती. सही कर, मी तो कागद गेटवर चिकटवतो.

काय? नंबर बदलून आत जाता येतं हे मला कुणी सांगितलं? कुणी म्हणजे... करून पाहिलं होतं. गेल्या वर्षी. एकदाच. म्हणजे तीनदा. पगारवाढीच्या बोलणीआधी कचेरीच्या मशीनांत शिरून त्यांची तयारी बघून ठेवली — युनियनच्या भल्यासाठीच की! सगळ्यांनी पाठ थोपटली. नोएलला कशाला सांगू? त्यानं लगेच भिंत घातली असती. हो, यादी त्यानंतर ठेवली, तिथेच. कचेरीतल्या लोकांना सुचेल असं वाटलंच नाही — सव्वीस वर्षांत त्यांना काही सुचल्याचं मी पाहिलं नव्हतं.

असा बघू नकोस. फसवलं नोएलनं. दोन गल्ल्या म्हणाला होता, त्याच्या तोंडानं... काय लिहितोयस? मीट ती वही. अहवाल नको मला. पेटी बदल आणि नीघ.