अंगठा आत

गेल्या महिन्यात गाडीवरनं पडून माझं करंगळीखालचं हाड मोडलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली आमची म्हैस. हसू नका, सांगतो की.

मी कॉलेजात असताना आमच्या आण्णांचा, म्हणजे वडिलांचा हात असाच मोडलता. कसबा बावड्यात आमचा गोठा होता. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून तार घालूया, नाहीतर चार आठवडे प्लास्टर."

आण्णांनी विचारलं, "तार घातली तर उद्या सकाळी धार काढता येतीय?"

"नाही."

"मग प्लास्टरच घाला. पण मूठ तेवढी मोकळी ठेवा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मूठ काय मोकळी राहिली न्हाई, मग धार काढायची पाळी माझ्यावर आली. म्हैस लाथा झाडायला लागली, एक थेंब देईना. शेवटी आण्णांनी प्लास्टरचा हात तिच्या पाठीवर ठेवला, तेव्हा कुठं तिनं पान्हा सोडला. आणि वर माझ्यावरच ओरडले, "अंगठा आत दुमड की लेका! तिला नख टोचतंय!" चार आठवडे रोज तेच.

आता आण्णा न्हाईत, म्हैस न्हाई. गोठ्याच्या जागी पार्किंग झालंय.

परवा माझं प्लास्टर निघालं. डॉक्टरीणबाईंनी व्यायामाला मऊ रबरी चेंडू दिला. संध्याकाळी तो दाबत बसलतो, तर पोरगी म्हणाली, "पप्पा, अंगठा आत दुमडून कोण चेंडू दाबतंय? बाहेर काढा."

बघितलं, तर खरंच अंगठा आत.

म्हटलं, "राहू दे बाळा. आण्णा ओरडतील."