तुला सवय आहे

वह्या तपासून बधिर झालेला हात मांडीवर घेऊन मास्तरीणबाई फिजिओथेरपीच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी, धाकटी शिवणकाम करणारी. बाईंनी डोळे मिटले होते, कान मात्र टक्क उघडे.

"अगं, तुझा पट्टा कुठंय मनगटाचा?"

"आहे गं ताई. ऐक तर, डॉक्टरीणबाईंनी यांना समोर बसवून शिकवलं. अंगठ्याखालून हळूहळू दाबत वर जायचं, रोज दहा मिनिटं."

"मग? दाबतात का?"

"दाबलं ना, पहिल्या दिवशी. एका हाताने. दुसऱ्यात मोबाइल."

"आणि नंतर?"

"चौथ्या दिवशी हेच म्हणे, आता माझंच मनगट आखडलं."

"चार दिवसांत? तू वीस वर्षं कात्री चालवतेस!"

"तेच म्हटलं मी. तर म्हणे, तुला सवय आहे."

"सवय! हाताला मुंग्या यायची कसली गं सवय? आणि तू ऐकून घेतलंस?"

"छे! चांगली तणतणले."

"मग?"

"तणतणतच तेल चोळून दिलं. झोप येईना बिचाऱ्यांना."

"बिचारे म्हणे! थांब, आज डॉक्टरीणबाईंसमोर सगळं काढते. तुझा नंबर कधी?"

"माझा नाही गं. आजची वेळ यांना दिली. स्कूटर लावून येतायत."

"दुखऱ्या हाताने स्कूटर चालते वाटतं!"

दार ढकलून एक गृहस्थ कण्हत आत आले. त्यांच्या मनगटाला पट्टा होता. त्यात शिवणकामाच्या तीन टाचण्या अजून खोचलेल्या होत्या.