अण्णांची सुकेळी आणि निळा राक्षस

तुमचं ते रॉकेट राहू द्या, विज्ञानाने माझ्या अंगावर काटा आणला तो होळी नावाच्या गावात, माझ्या सासुरवाडीला.

टीव्हीवरच्या सिनेमात डोंगराएवढा राक्षस तोंडातून निळी आग ओकत होता. माझे सासरे अण्णा केळीबागायतदार. घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी चघळत त्यांनी विचारलं, "जावईबापू, एवढी आग येते कुठून? हा खातो तरी काय?"

"किरणोत्सर्ग," मी म्हटलं. "अणुभट्ट्या फोडतो नि पिऊन टाकतो."

"आणि मरत नाही? काहीही दाखवतात!"

माझी मेहुणी सायली कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती म्हणाली, "अण्णा, तुम्हीही तेच खाताय. केळ्यातल्या पोटॅशियमचे काही अणू आपोआप फुटून किरणं सोडत असतात. अगदी कणभर, त्रास काही नाही. पण आत्ता तुमच्या अंगात दर सेकंदाला असे हजारो अणू फुटतायत."

अण्णांचं चघळणं थांबलं. "माझ्या? जन्मापासून?"

"सगळ्यांच्याच."

ते उठले. टीव्ही बंद केला आणि एक तळहात डोळ्यांसमोर धरून दुसऱ्या हाताने लाइट घालवली.

"दिसत नाही गं," काळोखातून ते हळूच म्हणाले.

"नाहीच दिसणार, अण्णा. फारच थोडं असतं."

सासूबाईंनी लाइट लावली, तर सायलीचाही तळहात डोळ्यांसमोर.