कान दाखवून ये

...आणि वर मलाच म्हणतात, महादू, तू कान दाखवून ये. आता तुम्हीच सांगा, सबंध महाडात जे एकट्या माणसाला ऐकू आलं आणि बाकी कोणाला आलं नाही, तर दाखवायचे कान कोणाचे? बाकीच्यांचे ना? पण बाकीचे पडले गावभर, ते दवाखान्यात मावणार कसे? मी एकटा, मी मावतो. म्हणून मी गेलो. एका बाजूला कानात शेंगदाणा घातलेलं पोर, दुसऱ्या बाजूला कानाला मफलर गुंडाळलेली म्हातारी, आणि मधे मी, काहीच न झालेला. म्हातारी विचारते, "तुला काय झालं रे पोरा?" काय सांगू तिला? आवाज तसाच आहे, हे सांगू?

तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही पण मला ड्रॉप्सच द्याल.

झकेरियाचाचांचं हॉटेल महाडला, हायवेला लागून. मी उमरठचा, दुधाचे कॅन टेम्पोत घालून रोज सकाळी पोलादपूरवरून महाडला येतो आणि पहिला कॅन उतरतो तो चाचांकडे. कॅन उतरला की चहा, आणि चहाबरोबर मृदुलबाबू. मृदुलबाबू कोण म्हणून मला विचारा, चालेल, पण चाचांसमोर विचारू नका. सिनेमात गायचे, पडदा काळा-पांढरा होता तेव्हापासून. आणि चाचांच्या हॉटेलात त्यांचं नाव घ्यायचं तर आधी कानाच्या पाळीला हात लावायचा, गवई लोक उस्तादाचं नाव घेताना लावतात तसा. आता गवयाचं एक ठीक आहे, त्याचे हात मोकळे असतात. इथं भजी तळणारा काशीराम एका हातात झारा धरून दुसऱ्यानं पाळी धरायचा, त्याची पाळी कायम पिठात घोळलेली. एसटीचे ड्रायव्हरसुद्धा शिकले होते, बिल द्यायला आले की आधी कान धरायचे, नवीन माणसाला वाटायचं, उधारीची माफी मागताहेत.

आणि गाणं संपलं की चाचा एकेकाकडे बघणार आणि म्हणणार, "आवाज बघितलास? तसाच हाय."

तसाच म्हणजे कसा? तर जड, सावकाश. भरल्या सावित्रीत होडी नेताना वल्हं कसं घाई न करता पडतं, तसा एकेक शब्द पडायचा. मी आठवीत शाळा सोडली, चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आता तुम्हाला सांगतोय तेसुद्धा तुमच्या चपलांकडे बघून. पण तो आवाज लागला की छातीत कोणीतरी गरम चहा ओतल्यासारखं व्हायचं, आणि ते दिवसभर पुरायचं. टेम्पो मामाचा, दूध दुसऱ्यांच्या म्हशींचं, माझा म्हणायला तेवढा तो आवाज.

तो यायचा कशातून? तर टेपच्या डेकमधून. चाचांच्या मेहुण्यानं सौदीहून आणलेला. चकचकीत, जड, मागे एक ट्रान्सफॉर्मरचा डबा, तो मधमाश्यांसारखा घूं घूं करायचा. सावित्रीला पूर आला, पाणी बाजारात शिरायला लागलं की चाचा पहिला डेक माळ्यावर चढवायचे, मग पीठ, मग साखर, मग कमरजहाँचाची. चाची म्हणायच्या, "मी पण सौदीहून आली असती तर बरा झाला असता."

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग आला अरसलान.

अरसलान म्हणजे चाचांचा भाचा, तुडीलचा, कुवेतला असतो. सुट्टीवर आला, त्याचे खोके स्टँडवरून तुडीलला माझ्याच टेम्पोतून गेले. खोके उतरवले तर म्हणाला, "थांब महादू, तुझ्या मृदुलबाबूंना ऐकवतो, सीडीवर, एकदम ओरिजनल." मी हात धुतले, पाळी धरली आणि बसलो. गाणं लागलं, तेच, नदीवरचं, चाचांचं सगळ्यात लाडकं. आणि तुम्हाला सांगतो, कोणीतरी बारीक आवाजाचा पोरगा पोलादपूरची एसटी सुटत असल्यासारखा भराभरा गाऊन मोकळा झाला. मी म्हटलं, हा कोण? तो म्हणाला, "हेच रे ते. मामूचा डेक सौदीचा हाय, तिथली लाईट वेगळी, इथली वेगळी. इथं तो धापा टाकत फिरतो. तुम्ही सगळे इतकी वर्षं स्लो ऐकताय." आणि हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "मामूला सांगू नको हां. मरंल तो."

मी कशाला सांगतो? मला साधं "साखर कमी टाका" सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन उतरवला, चहा आला, गाणं लागलं. चाचा म्हणाले, "तसाच हाय." आणि मला काय ऐकू आलं? तर एक माणूस चिखलातून ओढत नेताहेत. म्हटलं, जाऊदे, मग तो सीडीवाला तरी आपला मानू. नाही मानता आला, तो पोरगा माझ्या ओळखीचाच नव्हता. छातीवर हात फिरवून बघितला, चहा नुसता पोटात गेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दुःख झालं असतं तरी बरं, दुःखाला निदान काहीतरी करता येतं. हे म्हणजे दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर ओठ असतो ना, आहे पण आपला नाही, तसं.

आणि तेवढ्यात बातमी. मृदुलबाबू महाडला येणार. स्वतः. ऐंशीच्या घरातले, गावातल्या एका मंडळानं बोलावलेले, शाळेच्या मैदानावर कार्यक्रम. हॉटेलात काशीरामनं दोन्ही पाळ्या धरल्या, भजी करपली. बाजारातले लोक चाचांना चिडवायला लागले, "चाचा, म्हाताऱ्याचा आवाज काय उरला असंल आता?" चाचा उठले, डेकवर हात ठेवला आणि भर हॉटेलात बोलले, "आवाज बदलला असंल, तर हा डेक मी सावित्रीत टाकीन. स्वतःच्या हातानं."

पुरातून वाचवलेला डेक! आणि तो जाणार, हे ठाऊक असलेला माणूस तिथं एकच, हातात कपबशी धरून उभा. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा चाचांना वाटलं मला बिस्कीट पाहिजे, त्यांनी बिस्कीट दिलं. दुसऱ्यांदा पण दिलं.

कार्यक्रमाला सगळे माझ्याच टेम्पोतून. चाचा अत्तर लावून, डेक मांडीवर घेऊन पुढे, मागे चाची, काशीराम आणि आमचे भूगोलाचे रिटायर बाळ सर, त्यांची मुलगी अस्मिता पुण्याहून खास आलेली, ती गाणं शिकते. माझं लक्ष पुलावर, म्हटलं, परत येताना इथंच थांबायला सांगतील, डेक टाकायला.

मृदुलबाबूंना दोघांनी धरून आणलं. पेटीवाल्याच्या कानात ते काहीतरी बोलले, त्यानं सूर खाली घेतला, अजून खाली घेतला. मी डोळे मिटले. म्हटलं, आता तो एसटी पकडणारा पोरगा सुटणार.

आणि लागला की हो. डेक लागला.

जड. सावकाश. श्वास पुरत नव्हता म्हणून प्रत्येक शब्दामागं थांबत होते, बरोबर तिथं, जिथं आमचा डेक थांबल्यासारखा वाटतो. वयानं त्यांचा आवाज उतरत उतरत नेमका महाडात येऊन थांबला होता. सगळ्या मैदानात पाळ्यांना हात. चाचा रडतायत, काशीराम रडतोय, चाची पदरात तोंड घालून बसल्यात. अस्मिता हळूच म्हणाली, "बाबा, आवाज खूप उतरलाय हो. पट्टी किती खाली घेतलीये." बाळ सर म्हणाले, "गप बस. तसाच आहे. पुण्यात तुम्हाला काय शिकवतात?"

कार्यक्रम संपल्यावर चाचा त्यांच्यापर्यंत पोचले, हात धरला आणि म्हणाले, "बाबूजी, आवाज जरा भी नहीं बदला." म्हातारा त्यांच्याकडे वळला. म्हणाला, "अब यह कोई नहीं कहता. कहाँ सुनते हो मुझे?" चाचा म्हणाले, "मेरे हॉटेल में. मेरे डेक पर." तर मृदुलबाबूंनी काय करावं? चाचांसमोर स्वतःच्या कानाची पाळी धरली. म्हणाले, "उस डेक को संभालना."

आणि मी? मी बाजूला उभा. जो आवाज मी हरवला असं समजत होतो, तो जिवंत माणसाच्या गळ्यातून माझ्या समोर आला होता. मी चहाची वाट बघत होतो. छातीत. पाळीला चिमटा घेऊन बघितला, पाळी दुखली. बाकी काही नाही. चाचांनी माझे कोरडे डोळे बघितले आणि म्हणाले, "महादू, तुला ऐकू आला नाय काय रे?"

पुढं अरसलाननं न राहवून चाचांना ती सीडी ऐकवली, चाचा म्हणाले, मशीन पळतंय, आणि आता त्याचा सीडी प्लेअर रिपेअरला गेलाय. चाचांनीच पाठवला, माझ्याच टेम्पोतून. मेकॅनिक म्हणतो यात काही बिघाड नाही, चाचा म्हणतात मग मेकॅनिक बिघडलाय. आणि मला म्हणतात, कान दाखवून ये.

डॉक्टरांनी बत्ती घालून बघितलं, घड्याळ कानाशी धरलं, हळू बोलले, मोठ्यानं बोलले. मग म्हणाले, "कान उत्तम आहेत. ऐकू काय येत नाही तुला?"

मी म्हटलं, "सगळं येतं, साहेब. नुसतं ऐकूच येतं."

त्यांनी ड्रॉप्स लिहून दिले. टाकतो आपला रोज. कॅन उतरवतो, मान वाकडी करतो, थेंब टाकतो. चाचा लांबून विचारतात, "काय रे, फरक?"

मी म्हणतो, "तसाच आहे, चाचा."

ते खूश होऊन पाळी धरतात.