कॉम्प्युटरमधल्या लेकींचं माहेर

शुभदाच्या खेळाची गंमत सांगतो. शुभदा म्हणजे माझी पुतणी. जळगावला कॉम्प्युटर शिकताना तिने एक खेळ बनवला होता. बटण दाबलं की दरवेळी नवंच गाव तयार व्हायचं. माणसांची नावं, आईबाप, सासर-माहेर सगळं कॉम्प्युटरच मनाने जुळवायचा.

एकदा माझी मोठी बहीण अक्का शिंदखेड्याहून आली होती. शुभदा आम्हा दोघांना क्लासमध्ये खेळ दाखवायला घेऊन गेली. पडद्यावर विहिरीपाशी एक बाई उभी होती.

"कोनी पोर शे ही?" अक्काने विचारलं. आपल्याकडे कोणाची पोर ते कळल्याशिवाय बोलणं पुढे सरकतच नाही.

शुभदाने वाचून दाखवलं, "नाव सखू. सासर आहे, माहेर नाही."

"माहेर नही? मंग आखाजीले कोठे जाई ती?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावभरच्या लेकी माहेरी येतात. अक्काला मूलबाळ नाही, तिच्याकडे कोणी येत नसे.

"अगं अक्का, खेळातली बाई आहे ती," मी समजावलं.

"व्हई. तरी लिख, मन्हं घर."

शुभदा हसली, पण तिने प्रोग्रॅम खरंच बदलला. जिला माहेर निघणार नाही, तिचं माहेर अक्काकडे. पुन्हा बटण दाबलं, तर नव्या गावात अशा सहा जणी निघाल्या.

मी म्हटलं, "अक्का, घर पुरायचं नाही आता."

अक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्यावरच्या त्या काटकुळ्या बायांकडे बघत तिने शुभदाला हळूच विचारलं, "यासले सासरमां नीट खावाले देतस ना?"