ब्लाउजच्या बेताची होडी

(घरामागच्या दगडी पायऱ्या. खाली तळं. दोरीनं बांधलेली एक लहान होडी, दोन्ही टोकांना निमुळती.)

शिंपीण : आधी मनसोक्त हसून घ्या. पोट दुखेपर्यंत हसा, आणि मग बसा.

नावाडी : हसत नाही गं. हिचं पुढचं टोक कुठलं, ते शोधतोय.

शिंपीण : दोन्ही सारखीच आहेत. एकाच कागदावरून दोन्ही टोकं बेतली. कापड वाचलं.

नावाडी : म्हणजे जिकडे जाईल ते पुढचं.

शिंपीण : आपल्या संसारासारखं.

नावाडी : आणि बाजूला या चिमट्या कसल्या घेतल्यास?

शिंपीण : टक्स आहेत ते. पोटाशी गोलाई यायला नको? जन्मभर ब्लाउज शिवले, मला दुसरी गोलाई येणार कुठून! आत वेताच्या कामट्या, वरून ताडपत्री, दुहेरी शिलाई, शिलाईवर मेण.

नावाडी : जन्मभर नावाडी म्हणून मिरवलो, आणि शेवटी बसायचं ब्लाउजात.

शिंपीण : हळू बोला! शेजारीण कपडे वाळत घालतेय.

नावाडी : आणि ते तुझ्या जुन्या मशीनचं पायडल ना?

शिंपीण : चाकासकट. विजेचं मशीन आल्यापासून नुसतं कोपऱ्यात धूळ खात होतं.

नावाडी : मला कुणाची तरी आठवण झाली.

शिंपीण : तुमच्यावर धूळ बसू देते का मी? ऐका. पायडल दाबलं की हे चाक फिरतं. चाकावरचा पट्टा हा दांडा फिरवतो. दांड्याच्या टोकाला, पाण्यात, टेबलफॅनची पाती.

नावाडी : तरीच मेलं चार रात्री उकडतंय.

शिंपीण : दांडा बाहेर काढायला होडीला काज केलंय. भोवती ग्रीसमध्ये बुडवलेली लोकर कोंबलीय.

नावाडी : होडीला भोक पाडायचं आणि त्याला काज म्हणायचं! पाणी आत आलं तर?

शिंपीण : तर बटण लावू. बसता ना?

नावाडी : नको गं. दोन नावांमध्ये हा उजवा हात चेंगरून लुळा पडला तेव्हाच सांगितलं होतं तुला. वल्हं मारता येत नाही ना, मग पाण्यावर जायचं नाही. दुसऱ्याच्या नावेत बोचकं होऊन बसणार नाही मी.

शिंपीण : म्हणून तर! हिला वल्हं नाहीच. पाय धडधाकट आहेत तुमचे. खिडकीशी बसून दिवसभर हलवत असता. ते बघूनच सुचलं मला.

नावाडी : म्हणजे इतके दिवस मी इंजीन होतो, आणि मलाच पत्ता नाही.

शिंपीण : थट्टा पुरे. परवा तुम्ही म्हणालात, खिडकीला जाड पडदा शिव, तळं दिसायला नको. कापड आणून ठेवलंय मी. आज ही चालली नाही, तर दुपारी पडदा शिवून लावते. पुन्हा एका शब्दानं पाण्याचा विषय काढणार नाही.

नावाडी : ...धर मला. डावा हात तुझ्या खांद्यावर ठेवतो.

शिंपीण : हं. जपून. मधोमध बसा.

नावाडी : बसलो. अखेर शिवणकामाला बसवलंसच मला.

शिंपीण : दोरी असू दे अजून. आता पाय दाबा.

नावाडी : दाबला. अगं, ही मागे का येतेय?

शिंपीण : थांबा, थांबा! पायरीवर आपटेल!

नावाडी : आपटली.

शिंपीण : चाक उलटं फिरलं हो. मशीनवरही असंच होतं, मग दोरा तुटतो. आधी हातानं चाकाला धक्का द्यायचा, मग पाय चालवायचा.

नावाडी : कुठल्या हातानं?

शिंपीण : उजव्या...

नावाडी : उजव्या?

शिंपीण : चाक उजवीकडे आहे.

नावाडी : ते मला दिसतंय.

शिंपीण : हे चाक मी घासलं, तेल दिलं, बसवलं. शंभरदा फिरवून बघितलं. ज्या हातामुळे होडी शिवायला घेतली, तो हातच विसरले! माझ्या डोक्याला शिलाई घालायला हवी होती आधी.

नावाडी : माझा हात विसरलीस तू?

शिंपीण : विसरले. काय करू, तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर येता ते दोन्ही हातांचेच येता. रागवा तरी. असे बघत बसू नका.

नावाडी : रागवू कशाला? डॉक्टर, पोरगा, सून, शेजारीण, सगळे आधी हाताकडे बघतात, मग माझ्याकडे. एक तू तेवढी विसरलीस. बरं वाटलं गं.

शिंपीण : बरं वाटून काय उपयोग! या बाहेर. पडदा बेतायला घेते.

नावाडी : थांब. डावा हात पोचतो का बघू दे. छे. गुडघा आडवा येतो. पोटही येतं, पण नाव आपण गुडघ्याचंच घेऊ.

शिंपीण : या ना बाहेर. ओशाळल्यासारखं होतंय मला.

नावाडी : मी उलटा बसलो तर? पात्यांकडे तोंड करून? चाक आपसूक डाव्या हाताशी येईल.

शिंपीण : आणि जायचं तिकडे पाठ?

नावाडी : वल्हं मारणारा पाठमोराच बसतो, वेडे. आयुष्यात कुठेही गेलो तो तिकडे पाठ करूनच गेलो. फक्त मान वळवून बघायचो, ती आता वळत नाही.

शिंपीण : मग पुढचं बघणार कोण?

नावाडी : तू. माझ्यासमोर बस, त्या टोकाला. माझ्या खांद्यावरून बघ आणि सुकाणू धर. सुकाणू केलंयस ना?

शिंपीण : इस्त्रीची फळी लावलीय. पण मी कशी बसू? एकट्याच्या मापाची बेतलीय ही.

नावाडी : तुझं माप नेहमी वाढत्या अंगाचं असतं. माझे सगळे सदरे साक्षीला आहेत.

शिंपीण : मला पोहता येत नाही हो. भीती वाटते मला पाण्याची.

नावाडी : नावाड्याची बायको, होडी शिवलीस, आणि भीती वाटते?

शिंपीण : म्हणून तर दुहेरी शिलाई घातली.

नावाडी : मग काय तर! ये. एकट्याला नाही जमायचं मला.

शिंपीण : ...येते. देवाचं नाव घेऊ दे आधी.

नावाडी : माझ्या वाटचंही घे. मोठ्यानं नको, शेजारीण बघतेय.

शिंपीण : बघू दे. अगंबाई, किती डुलते ही!

नावाडी : मीच डुलवतोय. बस खाली. सोडलीस दोरी? चाक कुठे ढकलू?

शिंपीण : ढकलू नका. तुमच्याकडे ओढा. आता पाय. हळू, पहिली टीप घालतो तसं.

नावाडी : चाललीय का गं? पायऱ्या लांब चालल्यात माझ्या डोळ्यांसमोरून.

शिंपीण : चाललीय! काजातून थोडं पाणी येतंय, पण चाललीय.

नावाडी : पुढे काय दिसतं?

शिंपीण : काही नाही. मोकळं आहे सगळं. अहो, तुमचा उजवा हात काठावरून घसरून पाण्यात गेलाय. उचलून ठेवू का?

नावाडी : तू सुकाणू धर. राहू दे तो. त्याला पाण्याची सवय आहे.