चवथीला पाहिलेली दीर्घिका

अरे, पेडण्याच्या आमच्या उल्हासने स्वतः आरसा घासून दुर्बीण केली, म्हणून तुम्ही त्याचं कौतुक करता. पण त्याच्या आईला बघायला हवं होतं!

गणपतीच्या चवथीचा दिवस. चंद्र मावळल्यावर उल्हासने अंगणातली दिव्यांची माळ बंद केली आणि दुर्बीण एका फार दूरच्या, पुसट दीर्घिकेवर लावली. मी डोळा लावला. नुसता काळोख.

"सरळ बघू नको," तो म्हणाला. "जरा बाजूला बघ, म्हणजे कडेला धुरकट डाग दिसेल."

बाजूला बघायला जावं, तर नजर परत मधेच. मी वैतागलो. त्यात डोंगरावरून ढग यायला लागले.

तेवढ्यात आरतीचं ताट आत ठेवून काकी बाहेर आल्या, मान खाली घालूनच. "गेला रे तो चंद्र?"

"गेला गो आई. ये, तू बघ. पण सरळ नको, बाजूला."

काकी वाकल्या. "हां, दिसलं. चिमूटभर पीठ सांडल्यासारखं."

मी थक्क! "काकी, पहिल्याच खेपेला?"

"अरे बाबा, चवथीला चंद्र कुठे आहे ते कळायला हवं, आणि त्याच्याकडे बघायचं तर नाही. जन्मभर दुसरं काय केलं?"